गच्चीवरचं माझं तोंड

सरकारी कार्यालयात कापडी पिशवी घेऊन जाऊ नये. न्यायचीच झाली तर टेबलाखाली ठेवावी. मी ती टेबलावर ठेवली, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

पिशवी माझ्या आईनं, म्हणजे अव्वानं, जुन्या इरकली लुगड्याची शिवलेली. माझी नोकरी नांदेडात आणि घर लातुरात. बायको दामिनी मुरुडच्या शाळेत शिकवते, रोज लातूरहून जाऊन-येऊन करते, त्यामुळं बिऱ्हाड हलवायचा विषयच निघत नाही. सोमवारी पहाटे मी नांदेडची एसटी धरतो, शुक्रवारी संध्याकाळी परतीची. मधले दिवस धोंडाबाईंच्या माडीवरची भाड्याची खोली. अव्वा त्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरून देते, आणि रोज संध्याकाळी फोन करून तेच विचारते, "संगू, जेवलास का? कायमचा कवा यायलास?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं असायचं. दुसऱ्याचं नसायचं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी कुरडया झाल्या नाहीत. चीक घोटायला आणि ते जड पातेलं गच्चीवर चढवायला माणूसच नव्हता. अव्वाचे गुडघे गेलेले, दामिनीचा खांदा धरलेला. दुकानातून कुरडया आणल्या तर अव्वानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. मला वाईट वाटलं होतं.

तर आमचं कार्यालय. मराठवाडा कडधान्य व तेलबिया मंडळ. असं एक मंडळ आहे हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि मंडळाचीही त्याबद्दल काही तक्रार नसते. मी तिथं वरिष्ठ लिपिक. या वर्षी थंडी सरता सरता वरून आदेश आला की प्रत्येक कार्यालयानं 'हरित कार्यालय' व्हावं: प्लास्टिक बंद, वीज कमी, कागद कमी, झाडं जास्त. आदेशाच्या ढीगभर प्रती आल्या आणि प्रत्येक प्रत वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती.

आमचे साहेब, उमाशंकर साहेब, तो आदेश हातात घेऊन हॉलभर फिरले आणि माझ्या टेबलापाशी थांबले. त्यांची नजर पिशवीवर.

"संगमेश्वर, तुम्ही पर्यावरणवाले दिसून राहिले."

"नाही साहेब, त्यात धपाटे आहेत."

"तेच म्हणतो मी. हे काम तुमच्याकडं. अन् ऐका," साहेबांनी आवाज खाली आणला, "लातूरच्या कार्यालयात एक खुर्ची रिकामी हाय. आपलं कार्यालय विभागात पहिलं आणा, तुमच्या बदलीवर मी स्वतः सही करतो."

त्यानंतर ते बरंच बोलले, पण मला फक्त 'लातूर' ऐकू आलं. त्या संध्याकाळी अव्वाच्या दुसऱ्या प्रश्नालाही मी उत्तर दिलं. म्हटलं, "कुरडयाला येतो."

सुरुवात चहापासून केली. खालच्या टपरीवरून आमचा शिपाई मलप्पा कागदी कपातून चहा आणायचा. ते कप दिसायला कागदी, पण आतून त्यांना प्लास्टिकचा पापुद्रा असतो. मी कप बंद केले आणि प्रत्येकानं आपापला कप घरून आणावा असं ठरवलं. सगळ्यांनी आणले. आमचे लेखापाल भुजंगराव माझ्या समोरच्याच टेबलावर बसतात आणि वयानं मोठे असल्यामुळं मला सल्ला देणं ही आपली जबाबदारी मानतात. त्यांनी नातवाचा फोटो छापलेला कप आणला.

मी एक गोष्ट विसरलो होतो. आमच्या भागात कार्यालयात आलेल्या माणसाचं काम झालं नाही तरी चालतं. चहा झाला नाही तर चालत नाही. आणि आलेला माणूस कप घेऊन येत नाही. मग देगलूरकडचे एक शेतकरी आले, तेव्हा साहेबांनी "चहा आणा रे" म्हटलं आणि शिपायानं हाताला लागला तो कप दिला. शेतकऱ्यानं सावकाश चहा संपवला, कप फिरवून बघितला आणि भुजंगरावांना म्हणाला, "तुमचा नातू काय हो? तुमच्यावर गेला न्हाई, बरं झालं."

भुजंगरावांनी कप रुमालात गुंडाळून घरी नेला. त्या दिवशी ते माझ्याशी शिपायामार्फत बोलले. मी समोरच्या टेबलावर होतो, तरी.

त्यातून कप विसळायचा प्रश्न निघाला. मी लातूरचा माणूस. आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलेलं मी बघितलंय, त्यामुळं वाहता नळ मला बघवत नाही. मी बेसिनपाशी उभा राहून एका तांब्यात सगळे कप कसे निघतात ते शिकवायला लागलो. नांदेडकरांना ते झेपेना. "अप्पा, गोदावरी हाय आपल्याकडं. काऊन जीव काढून राहिले आमचा?" असं पाठमोरं ऐकू यायचं. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यापुढं लातूर होतं.

कागदाचं काम मात्र मला सोपं वाटलं होतं. जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजू वापरायच्या, एवढंच. पहिल्याच पंधरवड्यात एक सहकारी निवृत्त झाले. त्यांना दिलेल्या मानपत्राच्या पाठीमागं त्यांच्याच जुन्या खातेनिहाय चौकशीची नोटीस निघाली. त्यांनी रागानं काही म्हटलं नाही. ते मानपत्र फ्रेम करायला घेऊन गेले, तर फ्रेमवाल्यानं विचारलं म्हणे, कोणती बाजू दर्शनी ठेवू?

झाडांबाबत मी धोंडाबाईंचा सल्ला घेतला. ही चूक झाली, पण घरमालकिणीला विचारलं नाही तर ती आपणहून सांगते. त्या म्हणाल्या, "दादा, ते शोभेची झाडं कामाची न्हाईत. कढीपत्ता लावा. हवा बी देतो अन् फोडणीला बी लागतो." मला पटलं. व्हरांड्यात कढीपत्त्याच्या कुंड्यांची रांग लावली. झाडं छान धरली आणि त्याच वेगानं संपत गेली. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक जण एक डहाळी मोडून घ्यायचा. कार्यालयातल्या लोकांच्या डब्याला एवढी चव कधी नव्हती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. कुंड्यांत काड्या उरल्या. एक डहाळी धोंडाबाईंच्या आमटीत मी स्वतः बघितली. मी त्यांना ती दिली नव्हती.

आणि मग दिवे. वीज वाचवायला वरूनच नव्या पद्धतीचे दिवे आले होते. खोलीत माणूस हलला की लागायचे, हालचाल थांबली की आपोआप विझायचे. ज्या कोणी हे दिवे शोधले त्याला आमच्यासारखं कार्यालय माहीत नसावं. आम्ही कामच करतो, पण शांतपणे करतो. सकाळी सगळे स्थिरस्थावर झाले की हॉलमध्ये अंधार पडायचा. कुणीतरी हात वर करून हलवायचा, उजेड यायचा, थोड्या वेळानं पुन्हा अंधार. सुरुवातीला भुजंगरावांनी हा ताप फार मनाला लावून घेतला. पुढं सवय झाली. अंधार पडला की सगळा हॉल मान वर न करता एक हात उचलून हलवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. बाहेरून आलेल्यांना वाटायचं आपल्याला बोलावतायत. ते आत यायचे, मग त्यांना चहा, आणि चहाला कप नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये जेवणानंतर पूर्ण अंधार असायचा. त्यांनी त्या दिव्यांबद्दल एकदाही तक्रार केली नाही.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट खरोखर चांगली झाली. गच्चीवर सौर पॅनेल बसले. ऊन असेल तोवर अख्खं कार्यालय त्यावर चालायचं. नसेल तेव्हा एक खटका फिरवून नेहमीच्या लाइनवर यायचं. नांदेडच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू? इतकी वर्षं ते नुसतं डोक्यात जात होतं, आता पंख्यात जायला लागलं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन पॅनेल पुसायचो. ते रस्त्याकडं तोंड करून, तिरपे, ऐटीत उभे असायचे. त्यांच्याकडं बघितलं की मला थेट लातूरचं बसस्थानक दिसायचं.

एक मॅडम तपासणी समिती घेऊन सोमवारी येणार असं कळलं. मी साहेबांना म्हटलं, समिती असेपर्यंत लाइनचा खटका खालीच ठेवू. कार्यालय शंभर टक्के उन्हावर चालतंय हे मॅडमना दिसू द्या. साहेब खूश झाले. मग मी स्वागताचा विषय काढला. शाल नाही, बुके नाही, कारण त्याला प्लास्टिकचा कागद असतो. आणि फ्लेक्स तर मुळीच नाही. हॉल गप्प झाला. दिवेसुद्धा गेले.

अंधारातून भुजंगराव म्हणाले, "फ्लेक्स न्हाई? पाहुणे येणार अन् भिंत उघडी? अप्पा, आपल्याकडं पोरगं दहावी पास झालं तर चौकात फ्लेक्स लागतो. म्हशीला रेडकू झालं तर लागतो. एवढी कमिटी येऊन राहिली, लोक काय म्हणतील?"

"फ्लेक्स म्हणजे प्लास्टिक आहे, भुजंगराव."

"ते छापायच्या आधी. एकदा फोटो आला की तो मान असतो."

मी निक्षून नाही म्हटलं. दोन दिवसांनी भुजंगरावांनी माझा पासपोर्टचा फोटो मागितला. कमिटीच्या दिवशी गळ्यात घालायला ओळखपत्र करायचंय म्हणाले. मला बरं वाटलं. माणूस बदलतो, असं मी त्या रात्री दामिनीला फोनवर म्हणालोही. ती म्हणाली, "कोणता फोटो दिलात? चष्म्याचा? त्यात तुम्ही दचकल्यासारखे दिसता."

सोमवारी एसटी उशिरा पोचली. मी बसस्थानकावरून रिक्षा केली आणि मागच्या फाटकानं आत शिरलो, पिशवी खांद्याला. समिती पुढच्या दारानं येतच होती. मी धावत जाऊन लाइनचा खटका खाली केला आणि हॉलच्या दारात उभा राहिलो.

अंधार झाला. पंखे गरगर करत मंदावले आणि थांबले.

त्या क्षणी समितीच्या मॅडम दारात आल्या. शांत चेहऱ्याची बाई, हातात स्वतःची स्टीलची बाटली. आणि आतल्या सगळ्या हॉलनं, सवयीप्रमाणं, मान वर न करता एक हात उचलून हलवायला सुरुवात केली. उजेड येईना, तसे ते जोरात हलवायला लागले. काही जण दोन्ही हातांनी. भुजंगराव तर उभे राहून.

मॅडम क्षणभर थबकल्या. मग त्यांनीही हात हलवला.

"फारच प्रेमळ स्टाफ आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. "दिवे का नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर तर डोळे दिपवणारं ऊन. मी म्हटलं, "मॅडम, पॅनेलमध्ये काहीतरी असेल, मी बघून येतो." त्या म्हणाल्या, "चला, मीही येते. तेच बघायला आलेय."

आम्ही गच्चीवर गेलो. पॅनेल नव्हते. म्हणजे होते, पण त्यांच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधलेला, रस्त्याकडं तोंड करून तिरपा, ऐटीत, मी होतो. चष्म्यातला. दचकलेला. माझा एकेक कान परातीएवढा. बाजूला भुजंगराव आणि सगळे सहकारी ओळीत; खालच्या कोपऱ्यात, गोलात, उमाशंकर साहेब. वर ठळक अक्षरांत: 'प्लास्टिकमुक्तीचे शिल्पकार मा. संगमेश्वर अप्पा यांच्यातर्फे हरित समितीचे हार्दिक स्वागत! शुभेच्छुक: समस्त कर्मचारीवृंद.'

नंतर कळलं की रविवारी लोकांनी आपणहून येऊन तो बांधला. भिंतीला खिळे ठोकायला साहेब नाही म्हणतील, म्हणून जागा शोधली. आणि खरं सांगायचं तर फ्लेक्ससाठी इतकी तयार, रस्त्यावरून दिसणारी चौकट सगळ्या नांदेडात दुसरी सापडली नसती.

मॅडमनी फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फ्लेक्सकडं बघितलं.

"हे तुम्हीच ना?"

नाकारायला जागा नव्हती. मी हो म्हटलं. मला इतकी लाज वाटली की पॅनेलखाली जाऊन बसावंसं वाटलं, पण तिथंही मीच होतो.

मागून भुजंगराव धापा टाकत वर आले. "मॅडम, यांना काही बोलू नका. आम्ही वर्गणी काढून केलं. या माणसाला लातूरला घरी जायचंय. माय हाय म्हातारी. म्हटलं, फोटो मोठा दिसला तर वजन पडंल." मग जरा थांबून प्रामाणिकपणे म्हणाले, "अन् हे गेल्याबिगर आम्हाला कागदी कपात चहा मिळत न्हाई, ते बी हाय."

साहेब शेवटी आले. ते फ्लेक्सपुढं कितीतरी वेळ उभे राहिले. माझी खात्री आहे की त्यांना झाकलेले पॅनेल दिसलेच नाहीत. ते एवढंच म्हणाले, "माझा फोटो बिल्ल्याएवढा?"

खाली उतरताना मॅडमनी मला विचारलं, "लातुरात कोण कोण असतं?" मी सांगितलं. कुरडयांचंही सांगितलं, का सांगितलं, माहीत नाही. त्यांनी व्हरांड्यातल्या कुंड्यांतल्या काड्यांकडं एकदा बघितलं आणि गाडीत बसल्या.

निकाल लागला. आम्ही विभागात शेवटचे. त्या रात्री अव्वाचा फोन आला तेव्हा मी जेवलो म्हणून सांगितलं. दुसरा प्रश्न तिनं विचारलाच नाही. दामिनीनं तिला सांगितलं असणार. मला तो प्रश्न यावा असं पहिल्यांदाच वाटलं. धोंडाबाई आमटी घेऊन वर आल्या. त्यात कढीपत्ता भरपूर होता.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तिथं नेहमीप्रमाणं अंधार होता. मी हात हलवला. उजेडात त्यांचा चेहरा फार गंभीर दिसला.

"संगमेश्वर, वरून आदेश आला. प्लास्टिकचं जाहीर प्रदर्शन केल्याबद्दल तुम्हाला इथून तातडीनं हलवायला सांगितलंय. प्रशासकीय कारणास्तव. मी लई समजावून पाहिलं, पण मॅडम ऐकायला तयार न्हाईत." ते थांबले. "विभागात रिकामी खुर्ची एकच हाय. तुम्हाला लातूरला टाकलं."

माझ्या आयुष्यात इतका अवघड क्षण आला नव्हता. शिक्षा झालेला माणूस हसताना दिसला तर शिक्षा बदलते, हे मी नोकरीत शिकलोय. मी मान खाली घातली. अव्वाच्या हातची न खाल्लेली कुरडई आठवून डोळ्यांत थोडं पाणीही आणलं. साहेब उठून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा. लातूर काही वाईट गाव न्हाई."

बाहेर हॉलमध्ये भुजंगरावांनी मला मिठी मारली. त्यांना सगळं कळत होतं. माझ्या कानात ते म्हणाले, "रडा अप्पा, अजून थोडं रडा, साहेब बघून राहिले." आणि मग ते स्वतःच रडायला लागले, ते मात्र खरं होतं. आम्ही दोघं मिठीत स्तब्ध उभे राहिलो, तेवढ्यात दिवे गेले. कुणीच हात हलवला नाही.

निरोप समारंभात चहा कागदी कपातून आला. तो फ्लेक्स घडी करून त्यांनी मला भेट दिला. "फेकू नका, लई मजबूत हाय," भुजंगराव म्हणाले. आमच्याकडं फ्लेक्स कुणी फेकत नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. सोयाबीनच्या ढिगावर, गोठ्यावर, मोटारसायकलवर, सगळीकडं कुणा ना कुणाचा तरी वाढदिवस वर्षानुवर्षं पसरलेला असतो. कार्यालय हरित करायच्या नादात तेवढंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मेच्या पहिल्या रविवारी मी चीक घोटला. अंगातून घामाच्या धारा लागल्या, दामिनी बाजूला उभी राहून "गुठळी होतेय, गुठळी होतेय" म्हणत होती. पातेलं मी गच्चीवर चढवलं. अव्वा एकेक पायरी धरत, वर्षभरानं पहिल्यांदा वर आली. कुरडया घालायला मोठं काही पसरायला हवं होतं. मी फ्लेक्स आणून उलगडला.

अव्वा कंबरेवर हात ठेवून खाली बघत राहिली. "हे कोण रं?"

"मी, अव्वा."

"इतका भेदरलेला का?" असं म्हणून ती बसली आणि सोऱ्या फिरवायला लागली. उमाशंकर साहेबांवर एकच कुरडई बसली, गोलात अगदी मापात. भुजंगरावांवर चार. सगळा कर्मचारीवृंद भरला. 'प्लास्टिकमुक्ती' भरली. चीक उरला होता आणि मधली एवढी मोठी जागा तशीच कोरी.

"इथं घाल की," मी म्हटलं.

"नाय," अव्वा म्हणाली. "लेकराच्या तोंडावर गरम चीक टाकू व्हय?"

मी वाकून फ्लेक्सचा कोपरा सरळ केला. दामिनी उगाच पातेल्यात बघायला लागली.

तेवढ्यात वारा सुटला. सगळीकडं कुरडयांचं वजन होतं, फक्त माझ्या तोंडावर नव्हतं, त्यामुळं तेवढाच भाग फुगून वर उठायला लागला आणि ओल्या कुरडया घसरायला लागल्या. अव्वा ओरडली, "संगू, बघतोस काय? बस तिथं!"

मी माझ्या नाकावर मांडी घालून बसलो. संध्याकाळपर्यंत मला हलायची परवानगी नव्हती.